प्रसन्न

प्रसन्न (विशेषण) : मनाची टवटवी, चेहऱ्यावरचे समाधान आणि देवतेची कृपा या तिन्ही गोष्टी सांगणारा हा तत्सम शब्द ‘सद्’ म्हणजे बसणे या धातूला ‘प्र’ उपसर्ग आणि ‘क्त’ प्रत्यय लागून सिद्ध झाला असून, संधिनियमाने धातूचा ‘द’ आणि प्रत्ययाचा ‘त’ या दोहोंचा ‘न’ होतो. त्याचा मूळ अर्थ ‘गाळ खाली बसून निवळलेले’ असा आहे. रामायणाच्या बालकांडात तमसा नदीच्या निर्मळ पाण्याला हेच विशेषण लावून त्याला सज्जनाच्या मनाची उपमा दिली आहे. पाणी आणि मन हे शब्दाचे दोन्ही अर्थ तिथे एकत्र भेटतात. ‘हर्ष’ या शब्दाच्या मुळाशी अंगावर उभा राहणारा काटा आहे, तर प्रसन्नतेच्या मुळाशी ढवळणे थांबल्यानंतरची स्वच्छता आहे, आणि म्हणूनच खदखदून हसणाऱ्या माणसाला मराठीत सहसा कोणी ‘प्रसन्न’ म्हणत नाही. याच धातूला ‘वि’ लागला की मात्र ‘विषाद’ होतो : तिथे गाळाऐवजी मनच खाली बसते.

संस्कृतात ‘प्रसन्ना’ हे मद्याचेही नाव आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात बारा आढक पीठ आणि पाच प्रस्थ किण्व, म्हणजे आंबवण, असे तिचे प्रमाण दिले आहे, आणि वैद्यकग्रंथांत सुरेवरची निवळ म्हणजे प्रसन्ना असे सांगितले आहे. निफाड तालुक्यातील विंचूर येथे, राज्याच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर उभ्या राहिलेल्या वाइन पार्कमध्ये निवळण्याची ही क्रिया आजही समजून घेता येते, कारण द्राक्षरस आंबल्यावर किण्वपेशी व सालींचे कण टाकीच्या तळाशी बसू देऊन वरचा स्वच्छ द्रव अलगद दुसऱ्या टाकीत काढून घेणे हा वाइन बनवण्याचा नेहमीचा टप्पा आहे. अर्थात प्रसन्ना पिठाची असे. द्राक्षरसाच्या मद्याला कौटिल्य ‘मधु’ म्हणतो.

मराठीच्या ‘निवळणे’ या क्रियापदाने हीच कल्पना स्वतंत्रपणे जपली आहे : निवळीचे बी उगाळून घातले की गढूळ पाणी निवळते, तसेच आभाळ निवळते आणि भांडणही. ‘प्रसाद’ हे प्रसन्नचेच भाववाचक नाम असून, प्राकृतातून आलेले त्याचे ‘पसाय’ हे रूप ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या ‘पसायदाना’त घराघरांत पोहोचले, तर काव्यशास्त्रात ‘प्रसाद’ हा वाचताक्षणी अर्थ उलगडणाऱ्या रचनेचा गुण होय.

लग्नपत्रिकेच्या माथ्यावर किंवा मालट्रकच्या कपाळावर कुलदैवताच्या नावापुढे येणाऱ्या ‘प्रसन्न’चा अर्थ मात्र आनंदी असा नसून ‘अनुकूल’ असा आहे, आणि विंचूरच्या कांदा बाजारात माल घेऊन येणाऱ्या वाहनांवरही तो त्याच अर्थाने वाचायचा. ‘पसंत’ या शब्दाचा उच्चार जवळचा असला तरी तो फारसी असून त्याचा या कुळाशी संबंध नाही.