खेळण्यांतला रणगाडा आणि तोब्रुकचा खंदक

दिवाळी जवळ आली म्हणजे अलिबागेच्या दक्षिणेस, आक्षी आणि रेवदंडा यांच्या मध्यें वसलेल्या नागांवांत मुलांचे हात चिखलानें भरूं लागतात. वाडींतली माती, पुळणीवरची वाळू, फुटक्या कौलांचे तुकडे आणि एखादें जुनें गोणपाट एवढ्या सामग्रीवर अंगणांत किल्ला उभा राहतो, त्यावर अळीव पेरले जातात आणि बाजारांतून आणलेले रंगीत मावळे जागोजाग पहाऱ्यास उभे केले जातात. ह्या किल्ल्यांना कसलेंहि प्रमाण नसतें. मावळा बुरुजाहून उंच असतो, वाघ महादरवाजाहून मोठा असतो, आणि सिंहासनावर बसलेल्या महाराजांपुढें सारा बालेकिल्ला ठेंगणा दिसतो. ह्यांत मुलांचें अज्ञान आहे असें समजण्याचें कारण नाहीं. ज्याचें महत्त्व अधिक त्याची उंची अधिक, हा हिशोब जुन्या चित्रकारांचाहि होता.

मुंबईहून सुटीस येणाऱ्या एखाद्या मुलाच्या पेटींतून आतां कधीं कधीं दुसऱ्याच जातीचें खेळणें ओटीवर येतें. खोक्यावर महायुद्धांतील जर्मन रणगाड्याचें रंगीत चित्र. आंत प्लॅस्टिकच्या चौकटींना लगडलेले बारीकसारीक सुटे भाग, अंकवार जुळणीचा कागद आणि पाण्यांत भिजवून चिकटवावयाचीं चिन्हें. गोंद व रंग निराळे विकत घ्यावे लागतात, ही गोष्ट बहुधा खोकें उघडल्यावर कळते! जपानांतील तामिया कंपनीचा ‘पान्झर तीन, एल प्रकार’ हा संच ह्या जातीचा चांगला नमुना होय. येथें सर्व कांहीं प्रमाणांत आहे. एकास पस्तीस, ह्याहून रेसभरहि इकडे तिकडे नाहीं. मूळ रणगाड्याचें धड सुमारें साडेपांच मीटर लांब, २.९५ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच होतें. तेव्हां जुळणी पुरी झाल्यावर हातीं येणारी वस्तु १६ सेंटिमीटर लांब, साडेआठ सेंटिमीटर रुंद आणि सात सेंटिमीटर उंच भरते. तोफेची नळी त्याच्याहि थोडी पुढें येते.

संच करमणुकीचा असला तरी शिकविणारा आहे. रणगाड्याच्या दोन्ही अंगांस सहा सहा चाकें, त्यांच्यावर पट्टा तोलून धरणारीं तीन तीन लहान चाकें, पुढें दांतेरी चाक आणि मागें पट्टा ताणून धरणारें चाक, ही सारी रचना एकदां स्वतःच्या बोटांखालून गेली म्हणजे हें यंत्र कसें चालतें तें पुस्तकांतल्या चार पानांपेक्षां अधिक समजतें. अष्टागरांतल्या वाड्यांना पूर्वीं ज्या राहाटानें पाणी मिळत असे, त्याची गाडग्यांची माळ आडवी करून जमिनीवर अंथरली आहे अशी कल्पना करावी. दांतेरी चाक माळ ओढतें. परंतु पाणी वर येण्याऐवजीं येथें गाडीच पुढें सरकते. ती आपला रस्ता आपणच अंथरते, त्यावरून जाते आणि मागें तो गुंडाळून घेते. वाळू, चिखल, खड्डे यांची तिला फारशी पर्वा नसते, ती ह्यामुळें.

संचांत दोष काढावयाचाच तर तो इतिहासाच्या बाजूनें काढावा लागेल. ‘एल’ प्रकाराचे रणगाडे कारखान्यांतून बाहेर पडूं लागले ते १९४२ च्या मध्याला. आफ्रिकेंत त्या उन्हाळ्यापर्यंत रोमेलच्या हाताशीं जे होते, ते मुख्यतः त्याच्या आधींचे ‘जी’, ‘एच’ आणि ‘जे’. एलच्या दर्शनी भागावर, मूळ चिलखतापासून थोडें अंतर सोडून, २० मिलिमीटर जाडीचा आणखी एक पत्रा बसविलेला असे, आणि संचांत तो मोठ्या नेटकेपणानें दाखविला आहे. मेजावर ठेवण्यासाठीं कांहीं बिघडत नाहीं. तोब्रुकची आठवण म्हणून जुळणी करणाऱ्यानें मात्र हा फरक ध्यानांत ठेवावा. रंगाच्या बाबतींत एक सूचना करण्यासारखी आहे. जर्मन रणगाडे आफ्रिकेंत प्रथम उतरले ते युरोपांतला करडा रंग अंगावर घेऊन. वाळूचा रंग त्यावर मागाहून चढला. म्हणून आधीं करडा हात देऊन वर पिंवळट द्यावा आणि कडांना खालचा रंग किंचित् दिसूं द्यावा. खरेपणा अशा ठिकाणीं येतो.

एकास पस्तीस हें माप कोणीं ठरविलें, ती हकीकत मौजेची आहे. तामिया ही मुळांत शिझुओका शहरांतली लांकडाची पेढी. योशिओ तामिया यांनीं ती १९४६ सालीं काढली. १९५१ च्या आगींत माल जळाला आणि पुढें दोनतीन वर्षांत लांकडाचा व्यापार सोडून देऊन त्यांनीं लांकडी प्रतिकृतींचा धंदा धरिला. १९६० मध्यें प्लॅस्टिकची पहिली प्रतिकृति काढली ती ‘यामातो’ ह्या युद्धनौकेची. ती चालली नाहीं. त्यानंतर एकदोन वर्षांत जर्मनांचा ‘पँथर’ रणगाडा निघाला आणि त्यानें पेढीचें दैव उघडलें. हा पँथर विजेच्या मोटारीवर चालत असे. मोटारीस लागणाऱ्या दोन बॅटऱ्या पोटांत मावल्या पाहिजेत, एवढ्याच हिशोबानें त्याचें धड आंखलें होतें. पुढें इतर देशांचे रणगाडेहि त्याच मापांत काढावेत असें शुनसाकु तामिया यांच्या मनांत आलें, तेव्हां त्यांनीं पँथर मोजून पाहिला. तो मुळाच्या सुमारें एक पस्तिसांश भरला. तेंच माप जगभर रूढ झालें. ज्या काटेकोरपणाचें आज शौकिनांना एवढें कौतुक वाटतें, त्याच्या मुळाशीं बॅटरीची जाडी आहे.

आतां प्रत्यक्ष यंत्राकडे पाहूं. पान्झर तीन हा बावीस-तेवीस टन वजनाचा, ३०० अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनावर चालणारा रणगाडा. आंत पांच माणसें बसत. असे साडेपांच हजारांहून अधिक रणगाडे जर्मनीनें बांधले. ‘जे’ प्रकाराचें दर्शनी चिलखत ५० मिलिमीटर जाड होतें. त्याआधींच्या कित्येकांवर तीस आणि तीस असे दोन पत्रे एकावर एक जडविलेले होते. ब्रिटिश आणि हिंदी फौजांची त्या काळची नेहमीची रणगाडाविरोधी तोफ म्हणजे दोन-पौंडी. तिच्या नळीचें तोंड ४० मिलिमीटर. संचाच्या मापांत हें चिलखत दीड मिलिमीटराहूनहि किंचित् कमी होतें, म्हणजे प्लॅस्टिकच्या पत्र्याहून फार निराळें नाहीं, आणि तोफेचा गोळा होतो राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. कठीण केलेल्या पोलादी पत्र्यावर दुरून मारलेला हा गोळा पुष्कळदां आपटून फुटून जाई. रणगाडा अगदीं जवळ येऊं द्यावा आणि मग मारावा, एवढाच उपाय तोफेमागच्या माणसाच्या हातीं उरे. तेवढा वेळ त्यानें तेथें बसून राहिलें पाहिजे, हें अर्थातच गृहीत होतें.

असे बसून राहिलेले लोक मराठी होते, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. तोब्रुक हें लिबियाच्या किनाऱ्यावरचें बंदर. इटालियनांनीं त्याभोंवतीं सुमारें ५० किलोमीटर लांबीचा मोर्च्यांचा कोट घातला होता. सिमिटाचीं ठाणीं, कांटेरी तारा आणि रणगाडे अडविण्यासाठीं खणलेला खंदक. १९४१ मध्यें ऑस्ट्रेलियन व इतर फौजांनीं ह्याच कोटाच्या आधारें रोमेलला आठ महिने बाहेर थोपवून धरिलें. पस्तीस पटींनीं लहान करून हा सारा कोट नागांवच्या पुळणीवर आंखावयाचा म्हटला, तर तो १,४०० मीटरांच्या आसपास भरेल. ओहोटीच्या वेळीं काठीनें ओढतां येईल एवढी ती रेघ आहे. त्या रेघेच्या पूर्व-आग्नेय भागावर १९४२ च्या जून महिन्यांत अकरावी हिंदी ब्रिगेड होती. तिच्यांत स्कॉटिश कॅमेरन हायलँडर, सातव्या गुरखा रायफल्सची एक पलटण आणि फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण अशा तीन पलटणी होत्या. कोंकणांतले आणि देशावरचे शेतकऱ्यांचे मुलगे ह्या पलटणींत भरती होत. अगदीं साध्या घरांतले.

कोट तोच होता, पण त्याची कळा गेली होती. खंदकांत ठिकठिकाणीं वाळू भरून तो उथळ झाला होता. भोंवतीं पेरलेले सुरुंग पुष्कळ प्रमाणांत उकरून पश्चिमेकडच्या गझालाच्या फळीसाठीं नेले होते. तोब्रुकला पुन्हां वेढा पडेल अशी वरिष्ठांची अपेक्षाच नव्हती, आणि गझालाची फळी मोडल्यावर नवी तयारी करण्यास दिवस उरले नव्हते. २० जूनच्या पहाटे साडेपांचाच्या आधींच झेपावणाऱ्या विमानांच्या रांगा आल्या आणि एका अरुंद पट्ट्यावर बॉम्ब टाकून परत गेल्या. जवळच्या विमानतळांवरून पुन्हां भरून आल्या. पाठोपाठ तोफा सुरू झाल्या. त्या धुराच्या आडून जर्मन पायदळ आणि सुरुंग काढणारे इंजिनियर पुढें सरकले. त्यांनीं ठाणीं घेतलीं, खंदकावर वाटा केल्या, आणि सकाळीं साडेआठच्या सुमारास रणगाडे त्यांवरून आंत शिरूं लागले. फळी फुटली ती मराठा पलटणीच्या भागांत.

पुढचें सारें बारा-चौदा तासांत झालें. संध्याकाळीं जर्मन बंदरांत होते. २१ जूनच्या सकाळीं दक्षिण आफ्रिकी सेनापति क्लॉपर यांनीं शरणागति दिली आणि तीस हजारांहून अधिक सैनिक कैद झाले. रोमेलला दुसऱ्याच दिवशीं फील्डमार्शलपद मिळालें. चर्चिल त्या वेळीं वॉशिंग्टनला रूझवेल्टच्या भेटीस गेले होते. बातमी तेथेंच त्यांच्या हातीं पडली आणि तिचा एक परिणाम म्हणून ३०० शर्मन रणगाडे इजिप्तला रवाना झाले. मराठा पलटणीचे जे वांचले ते बहुतेक कैदेंत गेले. लिबियांतून इटलींत, आणि कित्येक तेथून जर्मनींत. युद्धाच्या थोरल्या इतिहासांतून ही पहाट बहुधा एका वाक्यांत उरकते: हिंदी ब्रिगेडच्या भागांत फळी फुटली. त्या वाक्यांत खंदकांतली वाळू येत नाहीं, आणि उकरून नेलेले सुरुंगहि येत नाहींत. न लढतां पळालेल्या पलटणीचा जसा उल्लेख व्हावा, तसाच हा उल्लेख वाचणाऱ्याच्या मनांत राहतो. आणि हा अन्याय आहे.

खोक्यावरचें चित्रहि ह्या वाक्याचेंच भावंड आहे. प्रतिकृतींच्या खोक्यांवर सुंदर चित्रें छापण्याची प्रथा जपान्यांनीं फार वाढविली. पहिल्या पँथरचें चित्र शिगेरु कोमात्सुझाकि ह्या नामांकित चित्रकारानें काढलें होतें. अशा चित्रांत रणगाडा धूळ उडवीत पाहणाऱ्याच्या अंगावर येतो. रणगाडा ज्याच्यावर चालून जातो, त्याची जागा चित्राच्या चौकटीबाहेर असते. संचांत पुष्कळदां बुरुजांतून कमरेइतका वर आलेला जर्मन नायक दिलेला असतो, दुर्बीण आणि कानांवरच्या यंत्रासकट. समोरच्या खंदकांतला माणूस पाहिजे असल्यास वेगळा मिळवावा लागतो. कंपनीला दोष देण्यांत अर्थ नाहीं. तिनें रणगाडा विकला आहे, लढाई नव्हे. परंतु साडेपांच फुटांचा कोंकणी शिपाई ह्या मापांत पावणेपांच सेंटिमीटर होतो, बाजारांतल्या मातीच्या मावळ्याहून पुष्कळदां लहान, हें तरी जुळणी करणाऱ्यास एकदां मोजून दाखवावें.

खरीं यंत्रें पाहावयाचीं असल्यास परदेशीं जाण्याची जरुरी नाहीं. अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें सैन्याच्या चिलखती दळानें १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. ब्रिटिश, अमेरिकन आणि जपानी रणगाड्यांच्या रांगेंत एक जर्मन चिलखती गाडी आणि ८८ मिलिमीटरची प्रसिद्ध जर्मन तोफहि तेथें ठेविलेली आहे. ज्या मुलानें पस्तिसांश रणगाडा हातानें जोडला आहे, त्यानें खऱ्या पोलादाशेजारीं एकदां उभें राहावें.

आणि नागांवच्या मुलास त्याच्याहि अलीकडे जातां येईल. पूर्वीचा कुलाबा जिल्हा १९८१ मध्यें रायगड झाला. त्याच जिल्ह्याच्या माणगांव तालुक्यांत पळसगांव येथें १९२१ सालीं यशवंत घाडगे जन्मले. ते ह्याच रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणींत नाईक होते. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, मशीनगनच्या माऱ्याखालीं त्यांच्या तुकडींतला प्रत्येक जण मेला किंवा घायाळ झाला. ते एकटेच पुढें धांवले. हातबॉम्बनें तोफ व तोफवाला उडविला, एकास गोळी घातली, आणि बंदुकींत नवीं काडतुसें भरण्यास वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांस बंदुकीच्या दस्त्यानें लोळविलें. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं ते तेथेंच पडले. वय २२ वर्षें. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगांवांत तहसील कचेरीपुढें त्यांचा पुतळा आहे, आणि इटलींत मोंतोने ह्या गांवीं २०२३ सालीं त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारली गेली. त्यांचें थडगें ज्ञात नाहीं. नांव कासिनोच्या स्मारकावर आहे. लिबियांत आणि इजिप्तांत पडलेल्या व थडगें नसलेल्या सैनिकांचीं नांवें इजिप्तांतील एल अलामेनच्या स्मारकावर कोरलेलीं आहेत.