कल्पित लोकहितैषी संस्था (दुष्टहेतूच्या)

कथा, चित्रपट वा व्हिडिओ गेममधील, वरकरणी लोककल्याण करणाऱ्या पण आतून घातक अशा काल्पनिक कंपन्या अथवा संस्था. 'रेसिडेंट इव्हिल' (१९९६) या गेममधील अम्ब्रेला ही औषधकंपनी चोरून जैविक अस्त्रे बनवते. मराठीत हे रूप परक्या कंपनीपेक्षा गावच्या सहकारात अधिक शोभून दिसते (पाहा: सहकारी साखर कारखाने). विजय तेंडुलकरलिखित, जब्बार पटेल दिग्दर्शित 'सामना' या चित्रपटात साखरसम्राट हिंदूराव धोंडे-पाटील (निळू फुले) गावाच्या विकासाचा कर्ता म्हणून मिरवतो. त्याच्या बंगल्यावर आश्रयाला आलेला दारुडा मास्तर (श्रीराम लागू) गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले, एवढेच विचारत राहतो आणि त्यातून कांबळेचा खून उघडकीस येतो. लातूर-नांदेडसारख्या ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यांतील प्रेक्षकाला कारखान्याभोवतीचे हे सत्ताकारण परिचयाचे आहे (पाहा: मराठवाडा). १९७५च्या बर्लिन चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत 'सामना'ची निवड झाली होती.