थंड पाण्याची जागा

आफ्रिकेतील राजधानी म्हटली की आपल्या मनासमोर आधी सिंह उभा राहतो आणि मग शहर. नैरोबीच्या बाबतीत ही समजूत अगदीच खोटी नाही. शहराला लागूनच राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात सिंह आहेत. परंतु मुंबईहून सहा-एक तासांत तेथे उतरणाऱ्या मराठी माणसाला खरे नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. तेथील स्वाहिली भाषेत मोटारीला ‘गारी’ म्हणतात, दुकानाला ‘दुका’, विम्याला ‘बिमा’. जेवणात चपाती आहे आणि नंतर चहा, ज्याला ते ‘चाय’ म्हणतात. समुद्रापलीकडच्या परक्या गावी आपल्याच घरातले शब्द कोणी आणून ठेवले? या प्रश्नाचे उत्तर शोधत हिंडावे, म्हणजे नैरोबीचा इतिहास आपोआप कळत जातो.

सुरुवात करावी रेल्वेच्या संग्रहालयापासून, कारण हे शहर रेल्वेच्याच पोटी जन्मले. मसाई लोक या भागाला ‘एन्कारे न्यिरोबी’, म्हणजे थंड पाण्याची जागा, म्हणत. त्यांची गुरे येथे पाणी पीत. इंग्रजांनी १८९६ साली मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे लोहमार्ग घालायला घेतला. ३० मे १८९९ रोजी रूळ ३२७ व्या मैलावरच्या या दलदलीपाशी पोचले. पुढे उंच डोंगरकडा होता. तो चढण्यापूर्वी सामान साठवायला सपाट जागा हवी होती, म्हणून येथे तळ पडला. त्या तंबूंचे आणि पत्र्याच्या छपरांचे शहर झाले, आणि १९०५ साली वसाहतीची राजधानी मोंबासाहून येथे आली.

हा मार्ग घालायला हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० करारबद्ध मजूर नेले होते, बहुतेक पंजाबातले. त्यांतले २,४९३ तिकडेच मेले. एकंदर मार्गाची लांबी पाहता मैलामागे चार माणसे पडली. त्सावो नदीवरच्या पुलाच्या कामावर १८९८ साली दोन नरभक्षक सिंहांनी मजुरांना तंबूतून ओढून नेले, ही हकीकत जगभर गाजली. परंतु सिंहांनी नेलेल्यांपेक्षा ताप, हगवण आणि अपघात यांनी नेलेले कितीतरी अधिक, आणि त्यांची गोष्ट मात्र कोणी सांगितली नाही.

मजुरांपैकी सुमारे ६,७०० तेथेच राहिले. मागोमाग गुजराती दुकानदार आले, गोव्याचे कारकून, शिंपी आणि आचारी आले. १९२० पर्यंत या मुलुखात चलन होते ते आपला रुपया. हे वाचून आपली छाती फुगते. ‘नैरोबी आमच्या लोकांनी उभारले’ असे म्हणण्याचा मोह होतो, आणि ते म्हणणे खोटेही नाही. परंतु येथे थोडे थांबले पाहिजे. थंड पाणी मुळात कोणाचे होते?

१९०४ आणि १९११ च्या करारांनी मसाईंना त्यांच्या उत्तम कुरणांवरून हलवण्यात आले. किकुयू शेतकऱ्यांच्याही जमिनी गेल्या. सुपीक डोंगराळ प्रदेश गोऱ्यांसाठी राखला गेला. हिंदी माणसालाही तेथे शेत घेण्याची बंदी होती. शहरात गोरे टेकड्यांवर, हिंदी लोक बाजारात आणि न्गारा-पार्कलँड्स भागांत, तर आफ्रिकी माणूस पूर्वेच्या चाळींत. त्याच्या गळ्यात तर डबीत घातलेला ओळखपरवाना अडकवलेला असे. या उतरंडीत आपण मधल्या पायरीवर होतो. वरच्याचा जाच आपल्याला आठवतो. पायाखाली कोण होते ते सहसा आठवत नाही.

संग्रहालयातून बाहेर पडून गावात आले की जीवनजी बाग लागते. रेल्वेला मजूर आणि माल पुरवून श्रीमंत झालेले कराचीचे ए. एम. जीवनजी यांनी ही बाग शहराला दिली. तीत १९०६ साली व्हिक्टोरिया राणीचा पुतळा बसवला. पुढे १९९१ साली या बागेच्या जागी मोटारतळ बांधण्याचा घाट घातला गेला, तेव्हा जीवनजींच्या नात झरीना पटेल यांनी लोकांना हाक दिली आणि बाग वाचली. पुतळ्याचे शीर मात्र २०१५ साली कोणीतरी उडवले. आज त्या हिरवळीवर दुपारी शहरातली साधी माणसे पाय पसरून बसतात. दात्याच्या हेतूला याहून मोठा मान तो कोणता!

मधली पायरी सोडून खाली उतरणारेही निघाले. रेल्वे कामगारांत वाढलेले मखनसिंग यांनी १९३५ साली सर्व वर्णांच्या कामगारांना एका संघटनेत बोलावले, आणि एप्रिल १९५० मध्ये नैरोबीतल्या सभेत संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली. त्याबद्दल सरकारने त्यांना अकरा वर्षे अटकेत ठेवले.

दुसरा माणूस आपल्या अधिक जवळचा. पिओ गामा पिंटो. जन्म १९२७ सालचा, नैरोबीचा, घराणे गोव्याचे. धारवाडच्या कॉलेजात शिकला, मुंबईत नोकरी केली, गोवामुक्तीच्या कामात पडला आणि १९४९ साली परतला. तेथे आफ्रिकी स्वातंत्र्यासाठी झटला, म्हणून १९५४ पासून कित्येक वर्षे बंदिवासात. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. पिंटो लोकसभेत गेला आणि तेथेही, जमीन गेली ती कसणाऱ्याकडे परत यावी, असेच बोलत राहिला. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी घराच्या दारातच त्याला गोळ्या घातल्या. वय सदतीस. एका माणसाला शिक्षा झाली, परंतु त्यामागचा हात कोणाचा ते न्यायालयात कधी सिद्ध झाले नाही.

सिटी पार्कच्या स्मशानभूमीत पिंटोची समाधी आहे. जवळच जोसेफ मुरुंबी यांची. मुरुंबींचे वडील गोव्याचे व्यापारी, आई मसाई. १९६६ साली ते केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी जमवलेल्या आफ्रिकी कलावस्तू आज राष्ट्रीय अभिलेखागारात पाहायला मिळतात, आणि त्या इमारतीत एके काळी हिंदुस्थानचे नाव लावणारी बँक होती.

२०१७ साली मोंबासाहून नैरोबीपर्यंत नवी रेल्वे सुरू झाली, ती चिनी कंपनीने बांधलेली. त्याच वर्षी केनिया सरकारने तेथील आशियाई वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. रूळ घातले म्हणून नव्हे. रूळ घालणाऱ्याला मजुरी मिळते, फार तर संग्रहालयात एक कोपरा मिळतो. घर मिळते ते शेजाऱ्याचे दुःख आपले मानणाऱ्याला. नैरोबीला जाणाऱ्याने सिंह जरूर पाहावेत. परंतु एक सकाळ राखून सिटी पार्कात त्या दोन समाध्यांपाशी घटकाभर उभे राहावे, आणि आपल्या गावच्या वतीने चार फुले वाहावीत.