मागें फिरण्याची वाट

अंधेरी-सांताक्रूझ भागांतील छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर शुक्रवार, दि. १९ जुलै २०२४ रोजीं संगणकावांचून काम करण्याची पाळी आली. आकासा, इंडिगो आदि कंपन्यांच्या सेवकांना प्रवाशांची नोंद हातानें करावी लागली; देशांत कांहीं ठिकाणीं बोर्डिंग पासहि पेनानें लिहून दिले गेले.

दोषाचें मूळ परदेशांत होतें. संगणकांचें रक्षण करणाऱ्या क्राउडस्ट्राइक ह्या अमेरिकन कंपनीनें आपल्याकडील सकाळच्या ९ वाजून ३९ मिनिटांनीं एक नवी फाइल जगभर धाडली. त्या फाइलीनें एकविसावें कलम वाचावयास सांगितलें. वाचणाऱ्या प्रोग्रामापाशीं कलमें वीसच! हा प्रोग्राम विंडोजच्या अगदीं गाभ्यांत चालणारा. तो अडखळतांच सारा संगणक कोसळे, आणि पुन्हां सुरू केला कीं तीच फाइल, तीच ठेच. कंपनीनें ७८ मिनिटांत चूक मागें घेतली खरी. पण सुमारें ८५ लाख संगणकांना तिचा फटका बसला होता. त्यांतील पुष्कळांना आपण होऊन मागें फिरतां येईना. माणसानें यंत्रापाशीं बसावें, तें 'सेफ मोड'मध्यें सुरू करावें, फाइल पुसावी, आणि मग शेजारच्या यंत्राकडे वळावें. विशेष हें, कीं ज्या सावध मालकांनीं प्रोग्रामाची एकदोन पायऱ्या जुनी आवृत्तीच ठेवली होती, तेहि वांचले नाहींत. अशा फाइली सर्वांकडे एकदमच जात.

मग बिघडलेली नवी आवृत्ती उतरवून यंत्रानेंच जुनी कां चढवूं नये? अनेक अँड्रॉइड फोनांत २०१६ पासून निघालेली सोय अशीच आहे. जुनी प्रणाली बाजूस शाबूत राहते. नवी उभीच राहिली नाहीं, तर फोन जुनीवर परततो. मात्र ह्याच वाटेनें चोरहि येतो. नव्या आवृत्तीनें बुजविलेलीं भोंकें जुनींत उघडींच असतात, आणि यंत्राला मुद्दाम मागें ढकलणें ही चोरांची जुनी युक्ति आहे. ह्यावर अँड्रॉइडनें पुढें काढलेला तोडगा मार्मिक आहे: नवी प्रणाली एकदां धडपणें उभी राहिली, कीं मगच जुनीचें दार बंद करावयाचें. म्हणजे परतण्याचा हक्क आहे, पण तो उंबरठ्यापुरताच. नवी आवृत्ति मंद आहे वा रुचत नाहीं, एवढ्यावर यंत्रानें मालकास न विचारतां मागें फिरणें मात्र कोणत्याहि न्यायानें योग्य ठरणार नाहीं.

विमानतळांवरील कारभार २० जुलैच्या पहाटे ३ पासून पूर्ववत् झाल्याचें मंत्र्यांनीं सांगितलें. पुढें ऑगस्टमध्यें क्राउडस्ट्राइकनें दोषाची मीमांसा प्रसिद्ध केली, आणि अशा फाइली टप्प्याटप्प्यानें धाडण्याचें व त्या केव्हां घ्याव्या हें ग्राहकांवर सोंपविण्याचें जाहीर केलें.