दारं वाढवली, पण वही कुणाकडे?

आजचा भाग जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. शेवटी ही रांगेचीच गोष्ट आहे, आणि रांग आपल्याला काही नवीन नाही.

समजा, तुम्ही वसईत सांडोरला राहता आणि हा भाग मोबाईल डेटावर ऐकताय. तुमच्या फोनमधून निघालेलं प्रत्येक पॅकेट आधी जवळच्या टॉवरवर जातं. तिथून ते थेट इंटरनेटवर मोकळं सुटतं, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. टॉवर त्या पॅकेटवर आणखी एक लिफाफा चढवतो, त्यावर कंपनीच्या आतला पत्ता लिहितो आणि पुढे पाठवतो. वाटेतली यंत्रं फक्त हा बाहेरचा पत्ता वाचतात. आत काय आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. बऱ्याच अंतरावर एका यंत्रापाशी वरचा लिफाफा काढला जातो आणि आतलं पॅकेट बाहेरच्या जगात जातं. लिफाफ्यातल्या या प्रवासाला टनेल, म्हणजे बोगदा म्हणतात. लिफाफा काढणाऱ्या यंत्राला म्हणतात गेटवे. आपण त्याला आज नाका म्हणू.

नाका का? दहिसरचा जकात नाका आठवतोय? नसेल, तर घरातल्या मोठ्यांना विचारा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. त्याआधी मुंबईत शिरणारा मालाचा ट्रक नाक्यावर थांबायचा, कागद दाखवायचा, पावती घ्यायची, मगच पुढे. गेटवेही तेच करतो. कोण आलं, कुठून आलं, कुठे जायचंय, हे सगळं वहीत बघतो आणि मग सोडतो.

आता प्रश्न असा, की गर्दी वाढली तर काय करायचं? नाका मोठा करायचा, की नाके वाढवायचे? नाके वाढवले, तर वही कुणाकडे ठेवायची? गेल्या पस्तीसएक वर्षांचा इतिहास या तीन प्रश्नांभोवती फिरतो, आणि त्याची सुरुवात आपल्या जवळच होते. जुहूला.

जुहूचं एकच दार

१९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हा प्रकल्प सुरू केला. देशातल्या मोजक्या शिक्षण आणि संशोधन संस्थांचे संगणक जोडायचे, हा उद्देश. पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएससी, दिल्लीतला तो विभाग आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी. एनसीएसटीचे संस्थापक संचालक होते डॉ. एस. रमाणी. पुढे २०१४ मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांची निवड झाली.

१९८९ मध्ये जुहूहून अमेरिकेतल्या ‘यूयूनेट’पर्यंत एक कायमची लाइन सुरू झाली. वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. हिशोब करून बघा. तुमच्या फोनमधला ३ एमबीचा एक फोटो पाठवायला त्या लाइनवर जवळपास पाऊण तास लागला असता, तोही बाकी सगळ्यांनी हात आवरले तर! अर्नेटवरच्या प्राध्यापकांची परदेशी ईमेल या दारातून ये-जा करायची. दार एक, वही एक. पत्रंही थोडीच होती, त्यामुळे भागलं.

त्याच १९८९ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनला दोन इंजिनिअर जेवणाच्या टेबलावर बसले होते, कर्क लॉगहीड आणि याकोव्ह रेख्टर. ‘माझ्याकडून अमुक पत्त्यांपर्यंत जाता येतं’ हे एका नेटवर्कने दुसऱ्याला कसं कळवायचं, याचा आराखडा त्यांनी नॅपकिनवर मांडला. तोच बीजीपी. हे नाव लक्षात ठेवा, शेवटाकडे परत येणार आहे.

कोपरला जायचं, पण दादरमार्गे

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. दार आता मोठं झालं, पण मालक एकच. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवा द्यायची परवानगी मिळाली आणि २००० मध्ये परदेशाकडे उघडणारे स्वतःचे गेटवे उभारण्याचीही. नाके वाढले!

पण एक गंमत झाली. प्रत्येक कंपनीचा रस्ता परदेशाकडे जात होता, शेजारच्या कंपनीकडे नव्हता. म्हणजे मुंबईतल्या एका कंपनीच्या ग्राहकाने मुंबईतल्याच दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला ईमेल पाठवली, तर ती अमेरिकेला वळसा घालून परत मुंबईत येऊ शकायची. वसईकरांना हे लगेच समजेल. वसई रोडहून कोपरला जायचं असेल, तर एक मार्ग दादरला उतरून, गाडी बदलून, उलटं वर जायचा. दुसरा वसई–दिवा लाइनचा, जूचंद्र, कामण, भिवंडीवरून सरळ. दिवा लाइनची गाडीच नसेल, तर दादर कितीही मोठं करा, वळसा काही टळत नाही.

ही ‘दिवा लाइन’ इंटरनेटला मिळाली २००३ मध्ये, ‘निक्सी’च्या रूपाने. देशातल्या कंपन्यांनी आपसातला माल देशातच एकमेकांना द्यायचा, अशी ही अदलाबदलीची जागा. सुरुवातीच्या केंद्रांत नोएडा, चेन्नई, कोलकाता आणि आपली मुंबई.

तरीही एक धडा बाकी होता. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन मोठ्या केबल तुटल्या, सी-मी-वी ४ आणि फ्लॅग. दोन्ही मुंबईला येणाऱ्या. भारतात इंटरनेट रांगायला लागलं, कॉल सेंटरवाल्यांची धावपळ झाली. कागदावर दारं वेगवेगळी होती, पण गल्ली एकच होती.

बोगदे आले कुठून?

आता बोगद्यांकडे वळू. मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगोला इंटरनेट इंजिनिअर्सची बैठक भरली. तिथला आवाज एकाच वेळी अनेक देशांत ऐकवायचा होता, पण वाटेतल्या यंत्रांना ही एकाच वेळी अनेकांना पाठवायची भाषा येत नव्हती. मग त्यांनी लिफाफ्याची युक्ती वापरली. नवं पॅकेट जुन्या लिफाफ्यात घाला, वाटेतल्या यंत्राला कळूच देऊ नका. या जाळ्याचं नाव ‘एमबोन’. त्यातले बोगदे माणसं हाताने जोडत. जोडणी चुकली, की एकाच तारेवरून तोच आवाज दोन-तीनदा जायचा.

हाताने जोडण्यात दुसरीही अडचण आहे. १० ठिकाणं एकमेकांना जोडायची तर ४५ बोगदे लागतात. १,००० ठिकाणं असतील, तर ४,९९,५००. एवढे कोण जोडत बसणार?

हा प्रश्न डेटा सेंटरमध्ये फारच टोकदार झाला. तिथे हजारो संगणक रॅकमध्ये असतात आणि प्रत्येक रॅकला त्यांना जोडणारा एक स्विच. एकाच इमारतीत शेकडो ग्राहक भाड्याने राहतात, आणि प्रत्येकाला आपलं नेटवर्क वेगळं हवं असतं. जुन्या व्हीलॅन पद्धतीत क्रमांकासाठी १२ बिट, म्हणजे वापरण्याजोगी फक्त ४,०९४ नेटवर्कं. २०११ मध्ये व्हीएक्सलॅनचा मसुदा आला आणि ऑगस्ट २०१४ मध्ये तो आरएफसी ७३४८ म्हणून प्रसिद्ध झाला. यात क्रमांक २४ बिटचा, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त नेटवर्कं. पॅकेट लिफाफ्यात घालायचं आणि इमारतभर कुठेही पाठवायचं.

पण लिफाफा काढणारा नाका तर हवाच! सुरुवातीला अनेक ठिकाणी हे काम एखाददुसऱ्या यंत्राकडे असायचं. झाली ना पुन्हा दहिसरची रांग? वर वळसाही आलाच. एकाच रॅकमधल्या दोन संगणकांना वेगळ्या नेटवर्कमधून बोलायचं असेल, तरी पॅकेट त्या लांबच्या नाक्यापर्यंत जाऊन परत यायचं.

उत्तर निघालं ते असं, की प्रत्येक रॅकचा स्विचच नाका करायचा. सगळ्या नाक्यांना पत्ता एकच द्यायचा. संगणक कुठल्याही रॅकमध्ये असो, त्याला आपला नाका शेजारीच सापडतो. रॅक वाढवले की नाके आपोआप वाढतात.

मग वही? कुठला संगणक कुठल्या स्विचमागे आहे, हे सगळ्यांना कळायला हवं. आधीची पद्धत होती हाक मारायची, ‘अमुक पत्ता कुणाकडे आहे हो?’ हजारो जण ओरडायला लागले की नुसता गोंगाट. इथे परत आला तो नॅपकिनवरचा बीजीपी. फेब्रुवारी २०१५ च्या आरएफसी ७४३२ मध्ये ‘ईव्हीपीएन’ नावाची पद्धत आली. प्रत्येक स्विच स्वतःहून कळवतो, ‘हा संगणक माझ्याकडे आहे.’ मधे एक-दोन निरोपे ठेवले, की प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावं लागत नाही. मोठ्या वहीऐवजी सगळ्यांकडे तिची प्रत, आणि बदल झाला की लगेच निरोप.

आणि तुमचा फोन?

मोबाईलची गोष्ट अजून अवघड आहे. वसई रोडहून चर्चगेटची लोकल पकडा आणि गाणं सुरू ठेवा. नायगाव, भाईंदर, बोरिवली, वाटेत टॉवर बदलत राहतात. गाणं तुटत नाही, कारण बोगद्याचं टॉवरकडचं टोक सरकतं आणि नाक्याकडचं टोक जागेवर राहतं. तुमचा आयपी पत्ता त्या नाक्याने दिलेला असतो, डेटा किती वापरला तेही तिथेच मोजलं जातं. म्हणजे या नाक्याला तुमची आठवण ठेवावी लागते. तो अचानक बंद पडला आणि वहीची दुसरी प्रत नसेल, तर हजारो फोनना पुन्हा पहिल्यापासून नाव नोंदवावं लागतं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि देशभर बोगद्यांमधली गर्दी फुगली. साधारण त्याच सुमारास मोबाईलचे नियम ठरवणाऱ्या ‘थ्रीजीपीपी’ने नाक्याचे दोन भाग केले. वही सांभाळणारा वेगळा आणि लिफाफे काढणारा वेगळा. वही मध्यवर्ती ठेवा, लिफाफे काढणारे हवे तितके आणि लोकांच्या जवळ बसवा. १ ऑक्टोबर २०२२ ला भारतात सुरू झालेल्या ५जीच्या आराखड्यात ही विभागणी मुळापासूनच आहे.

म्हणजे आज सांडोरजवळ, पालघरला किंवा जव्हारला नाका बसवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. तो बसवायचा की नाही, हे गर्दी आणि खर्च बघून कंपनी ठरवते. जिथे नाका जवळ, तिथे व्हिडिओ कॉल कमी अडखळतो. आणि एखादी लांबची तार तुटली, तरी जवळपासचा कारभार चालू राहण्याची शक्यता वाढते. जुहूच्या काळात दार एकच होतं, कारण दुसरं परवडत नव्हतं. आता परवडतं, तेव्हा ते कुठे उघडलं जातं, हे आपण विचारायला हवं.

एक करून बघा. वायफाय बंद करा, मोबाईल डेटावर तुमचा आयपी पत्ता कुठल्या शहराचा दाखवतो ते शोधा. तुम्ही सांडोरला बसलेले असाल आणि शहर भलतंच दिसेल, तर फोन बिघडलेला नाही. त्या पत्त्याची नोंद बहुधा तुमच्या नाक्याच्या गावाची आहे.

आजच्यापुरतं इतकंच. तुम्हाला कुठलं शहर दिसलं, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!