इंधनपंप : छोट्या शर्यतगाडीसाठी निवड

टाकीतले इंधन ठरावीक दाबाने आणि खंड न पडता इंजिनापर्यंत पोचवणारे साधन. छोट्या शर्यतगाडीसाठी पंप निवडताना बहुतेकांची नजर मोठ्या आकड्यावर जाते. प्रत्यक्षात गरज बरीच लहान असते.

दाब इंधनप्रणालीवरून ठरतो. कार्ब्युरेटरला साधारण ०.२ ते ०.३ बार पुरतो. त्याहून जास्त दाब दिला तर फ्लोटची सुई बसत नाही आणि पेट्रोल ओसंडते. इंजेक्शनच्या इंजिनाला मात्र ३ बारच्या आसपास दाब लागतो. म्हणून एकाचा पंप दुसऱ्याला चालत नाही.

प्रवाहाचा हिशेब ताकदीवरून करावा. कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’ या विद्यार्थी-स्पर्धेत केटीएम ३९० मोटरसायकलचे ३७३ घनसेंमी इंजिन दिसते. त्याची ताकद सुमारे ३२ किलोवॅट. दर किलोवॅट-तासाला ३०० ते ३२० ग्रॅम पेट्रोल धरले, तर पूर्ण थ्रॉटलवर तासाला १४ लिटरच्या आत खर्च होतो. त्यावर ३० टक्के राखीव धरली तरी २० लिटरच्या खालीच. ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेल्या) इंधनावर हाच आकडा सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. मोटारगाडीचा तासाला शंभरहून अधिक लिटर देणारा पंप इथे बसवला, तर उरलेले पेट्रोल रेग्युलेटरमधून सतत टाकीत परतते, तापते, आणि लहान अल्टरनेटरवर नाहक भार पडतो. पंपाचा प्रवाह कामाच्या दाबाला आणि पंपाच्या टोकाशी खरोखर मिळणाऱ्या व्होल्टेजला किती आहे, ते पाहावे. मोकळ्या नळीतून मोजलेला आकडा निरुपयोगी.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे पंपाच्या तोंडाशी इंधन असणे. वळणावर १ जी आडवा जोर आला की टाकीतल्या पेट्रोलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. टाकी अर्धी रिकामी असेल तर पंप हवा ओढतो, दाब कोसळतो, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन धोक्यात येतो. इथे मोठा पंप मदत करत नाही, उलट हवा लवकर ओढतो. टाकीत आडपडदे, पंपाभोवती छोटी कुंडी, किंवा कमी दाबाच्या दुसऱ्या पंपाने भरलेला स्वर्ल पॉट (छोटी उपटाकी) हे खरे उपाय. बाहेर बसवायचा इंजेक्शनचा पंप टाकीच्या तळाखाली, एक्झॉस्टपासून दूर ठेवावा; त्याला ढकलणे जमते, ओढणे जमत नाही. पंपाआधी जाड जाळी, नंतर बारीक फिल्टर.

इंजिन थांबताच पंप बंद करणारा रिले आणि धडकेत वीज तोडणारा इनर्शिया स्विच यांशिवाय कोणताही पंप जोडू नये.