नाकतोड्याची बग्गी

"यंदा एक बग्गी घ्यावी म्हणतो," असे मी जेवता जेवता म्हणालो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींचा वाढता हात जागीच थांबला. त्या घाटावरच्या. त्यांनी शांतपणे विचारले, "अहो, वरात कुणाची आहे?"

त्यांचे चुकले नाही. आपल्याकडे बग्गी म्हटले की पांढरा घोडा, गॅसबत्त्या आणि फेट्यात घामाघूम झालेला नवरदेव हेच डोळ्यांसमोर यायचे. मला हवी होती ती हातभर लांबीची, बॅटरीवर पळणारी आणि बिनतारी लहरींनी वळणारी बग्गी. शेचाळीस वर्षांच्या मास्तराने असल्या वस्तूचा ध्यास घ्यावा हे लोकांना चमत्कारिक वाटेल. पण लहानपणी हे वेड मला एकदा लागून गेलेले आहे, आणि मधली तीसेक वर्षे ते नुसते झोपले होते. आता ते जागे झाल्यावर पहिला प्रश्न असा उभा राहिला की घ्यायची ती कोणती? दुकानांत आज शंभर जाती आहेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. शाळेत चित्रकला शिकवतो, सुटीत कादंबऱ्या लिहितो. यंत्रातले मला फारसे कळत नाही. तेव्हा माझ्या सवयीप्रमाणे मी या बग्गीचे कुळ-मूळ शोधू लागलो, आणि त्यातच दोन महिने गेले.

घोड्याच्या बग्गीचे नाव वाळूत पळणाऱ्या मोटारीला चिकटले ते अमेरिकेत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ब्रूस मेयर्स नावाचा, होड्या बांधण्यात मुरलेला गृहस्थ होता. १९६४ साली त्याने होडीसारखाच काचतंतूंचा एक उघडा सांगाडा बनवला आणि त्यात फोक्सवॅगन बीटलचे इंजिन व चाके बसवली. गाडी दिसायला आखूड, मागून तोडल्यासारखी. म्हणून शेपूट नसलेल्या मांजरांच्या जातीवरून तिचे नाव पडले मँक्स. १९६७ साली त्याने एका सोबत्यासह मेक्सिकोतल्या ला पाझपासून तिहुआनापर्यंतची रेताड, खडकाळ वाट ३४ तास ४५ मिनिटांत तोडली आणि मोटारसायकलवाल्यांचा विक्रम मोडला. त्याच वर्षी तिथे शर्यत सुरू झाली, आणि तीही मँक्सनेच जिंकली. पुढे ज्याने त्याने मँक्सची नक्कल केली. मेयर्स कोर्टात गेला, पण हक्क त्याच्या पदरात पडला नाही.

ही झाली मोठ्यांची बग्गी. तिला लहान करून हातात आणायचे तर बिनतारी यंत्र खिशात मावण्याइतके हलके व्हायला हवे होते, आणि ती हकीकत बरीच जुनी आहे. आपल्या जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये अदृश्य लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली होती, ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८९८ साली निकोला टेस्ला याने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पाण्याच्या हौदात एक लोखंडी होडी सोडली आणि दुरून, तारेवाचून, ती वळवून दाखवली. पाहणाऱ्यांतल्या कित्येकांना ती जादू वाटली. टेस्लाने तिचे पेटंट घेतले, पण तिचा उपयोग काय हे कुणालाच नीट उमगले नाही.

काचेच्या व्हॉल्व्हचे दिवस होते तोवर या विद्येत खेळण्याजोगे काही नव्हते. व्हॉल्व्ह जड, आणि त्यांना लागणारी बॅटरी त्याहून जड. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि वजनाचा प्रश्न सुटत गेला. दुसरी अडचण वळणाची. आरंभीच्या यंत्रांत सुकाणू एक तर पूर्ण डावीकडे, नाही तर पूर्ण उजवीकडे. अधलेमधले काही नाही. पुढे जी युक्ती निघाली ती आजही चालते. हातातले यंत्र सेकंदाला सुमारे पन्नास वेळा एकेक विजेचा ठोका पाठवते. ठोका दीड सहस्रांश सेकंदाचा असला तर चाके सरळ. एक सहस्रांशाचा असला तर एका बाजूला, दोनाचा असला तर दुसऱ्या. मधल्या प्रत्येक मापाला मधले वळण. गाडीतला सर्व्हो नावाचा चिमुकला कारागीर ठोका मोजतो आणि तितकाच कान पिळतो. वर्गात अशी हुकमत मला कधी साधली नाही!

१९६६ साली इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या एका कारखान्याने बिनतारी फेरारी विक्रीला काढली. तिथून हा धंदा सुरू झाला म्हणतात. पण माझे मन अडकले ते इटलीत नव्हे, जपानातल्या शिझुओका गावात.

मी सावंतवाडीचा. आमच्या गावची चितार आळी लाकडी खेळण्यांची. लाखेने रंगवलेली केळी-आंबे, भातुकली, पाट, गंजिफाचे पत्ते हे सारे आम्ही जन्मापासून पाहतो. शिझुओका हेही मुळात सुतारांचेच गाव. देवळे बांधायला बोलावलेले कारागीर तिथेच राहिले आणि त्यांच्या हातची लाकूडकामाची विद्या गावात मुरली, असे सांगतात. या गावात योशिओ तामिया यांनी १९४६ साली लाकडाची वखार घातली. युद्धात हरलेला देश, घरे नव्याने उभी राहायची होती. लाकडाला मागणी होती. जोडीला ते लहान मुलांसाठी जहाजांचे लाकडी नमुनेही करू लागले. १९५१ साली वखारीला आग लागली आणि साठवलेले लाकूड जळून गेले. इमारती लाकडाचा धंदा मागे पडला तो पडलाच. नमुन्यांवर पोट आले.

मग परदेशातून प्लॅस्टिकचे नमुने येऊ लागले आणि लाकडाला कुणी विचारीना. चितार आळीतल्या माणसाला हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. तामियांनी १९६० साली प्लॅस्टिकची 'यामातो' युद्धनौका काढली, पण ती स्पर्धेत चालली नाही. त्यानंतरचा 'पँथर' रणगाडा मात्र मुलांनी उचलून धरला. योशिओंचा थोरला मुलगा शुनसाकू कायद्याचा पदवीधर. तो या धंद्यात पडला आणि शेवटपर्यंत त्यातच राहिला. त्याचा धाकटा भाऊ मासाओ चित्रकलेचा विद्यार्थी. पेटीवरचे तांबडा आणि निळा अशा दोन चांदण्यांचे चिन्ह त्याच्या हातचे. थोरला यंत्रात, धाकटा चित्रात! हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ ओसरीवर जाऊन बसलो. त्याचे कारण पुढे येईल.

शुनसाकू तामिया हा गृहस्थ नमुना करायचा तर मूळ वस्तूच्या पोटात शिरल्याशिवाय राहायचा नाही. पोर्शे मोटारीचा नमुना करताना कागदांवर समाधान होईना, म्हणून त्याने खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून पाहिली. १९७६ च्या अखेरीस त्याची बिनतारी पोर्शे ९३४ बाजारात आली आणि पहिल्याच वर्षी लाखाच्या वर खपली. ती गुळगुळीत जमिनीवरची गाडी. माती-वाळूतली बग्गी आली १९७९ मध्ये, 'रफ रायडर' आणि 'सँड स्कॉर्चर'. दुसरीचे अंग बीटलचे, पुढची चाके खऱ्या बीटलसारखीच पिळाच्या सळ्यांवर झुलणारी, आणि पोटातले बिनतारी यंत्र पाण्यापासून वाचवायला पारदर्शक डबी. मेयर्सने बीटलवरून जी बग्गी बनवली तिचेच हे नातवंड म्हणायचे. पुढे प्राण्यांचा सुकाळ झाला: एका जपानी कंपनीचा विंचू, तामियांचा बेडूक, मग १९८४ साली 'ग्रासहॉपर' म्हणजे नाकतोडा, आणि त्याच वर्षी 'हॉर्नेट' म्हणजे गांधीलमाशी.

नाकतोडा आमच्या घरी आला १९९१ साली. मस्कतला नोकरीला असलेले मामा मे महिन्यात पेटी घेऊन उतरले. आत गाडी नव्हती, गाडीचे तुकडे होते! आई म्हणाली, "अरे, मोडकी दिली की काय त्यांनी तुला?" मी बारा वर्षांचा, दादा पंधराचा. सोबतच्या वहीत चित्रेच चित्रे. मी चित्र पाहून सांगायचे, 'हा लांब स्क्रू, त्याच्याखाली चकती', आणि दादाने पिळायचे. चार दिवस आम्ही भांडलो नाही, हा आमच्या घरचा विक्रम होता.

हा नाकतोडा सर्वांत साध्या जातीचा. ३८० मापाची लहान मोटर, बादलीसारखा एकसंध प्लॅस्टिकचा सांगाडा, झटके गिळायला तेलाच्या नळ्या नाहीत, नुसत्या स्प्रिंगा. मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर, आणि दातेरी चाकांची पेटी व मोटर त्या दांड्यासकट वरखाली होणारी. त्यामुळे खडबडीत जागी तो खरोखरच नाकतोड्यासारखा टुणटुण उडे. कापणी झालेल्या कुणग्यात, जांभ्याच्या गडग्याच्या कडेने आम्ही तो पळवला. दहा-बारा मिनिटांत बॅटरी संपे आणि मग रात्रभर तिला वीज पाजावी लागे.

त्याच १९८४ साली कॅलिफोर्नियात आणखी एक बग्गी जन्मली होती, तिचे नाव 'आरसी १०'. रॉजर कर्टिस हा तिचा कर्ता. सोनेरी ॲल्युमिनियमचा सांगाडा, चारी चाके स्वतंत्र झुलणारी, झटक्यांना तेल भरलेल्या नळ्या. ती कशाची नक्कल नव्हती. शर्यत जिंकणे एवढेच तिचे काम. १९८५ साली डेल मारला या मापाच्या बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा दोन चाकांना जोर असलेल्या गटात तीच पहिली आली. इथून घराणी दोन झाली. एकाने बांधण्याचा आनंद विकला, दुसऱ्याने वेग. आज दुकानात दिसणाऱ्या शंभर जाती याच दोन घराण्यांतल्या.

आमच्या नाकतोड्याचा अंत शर्यतीत झाला नाही. दोन वर्षांनी बॅटरी मेली, तशी दुसरी गावात मिळेना. उन्हाळ्यात वीज जायची आणि आजी उकाड्याने तळमळायची. एक दिवस शाळेतून आलो तो दादाने नाकतोड्याची मोटर काढून, तिला पत्र्याची पाती लावून, टॉर्चच्या सेलवर चालणारा पंखा केला होता. आजी वाऱ्यात निजली होती. मी आठ दिवस दादाशी बोललो नाही.

नंतर आम्ही त्याहून जास्त दिवस बोललो नाही. चार वर्षांपूर्वी घराची वाटणी झाली. कोण बरोबर, कोण चूक, हे लिहायची ही जागा नव्हे; शिवाय मी लिहिले तर ते माझ्याच बाजूचे होईल. चवथीचा गणपती मात्र एकच राहिला. दादा नाशिकहून येतो, आरतीला उभा राहतो आणि रात्री मुक्कामाला बहिणीकडे जातो.

तर, कोणती घ्यावी? पेटीतून काढली की पळणारी तयार गाडी मी हातात घेऊन पाहिली. घासपट्ट्या नसलेली मोटर, लिथियमची बॅटरी, आणि वेग असा की आमच्या अंगणात ती सोडली तर शेजाऱ्यांच्या तुळशीवृंदावनातच थांबेल. लिथियमची बॅटरी जपावीही लागते. फार रिकामी केली तर बिघडते, भलत्या चार्जरवर लावली तर पेट घेते. शर्यतीच्या घराण्यातली घ्यावी तर शर्यतीचे मैदान जवळपास नाही, आणि मोडलेला भाग बसवायला यायचा मनीऑर्डरीच्या वेगाने. जाणकार एक गोष्ट बरी सांगतात: आपली जमीन आधी पाहावी, गाडी मागून. आमची जमीन म्हणजे जांभा, धूळ आणि कुणगा.

आणि कळले की नाकतोडा मेलेला नाही. २००५ साली तामियांनी तो पुन्हा काढला, जवळपास तसाच. बिनतारी यंत्र तेवढे बदलले आहे. पूर्वी दोघांच्या यंत्रांत एकाच मापाचे स्फटिक असले की एकाच्या हुकमाने दुसऱ्याची गाडी वळे, आता २.४ गिगाहर्ट्झच्या यंत्रांची जोडी आपापसांत खूण पटवून घेते. वेग बदलणारा, तापून लाल होणारा तारेचा वेटोळा जाऊन त्या जागी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आला. मी प्लॅस्टिकच्या बुशांऐवजी बॉलबेअरिंगे आणि निकेल-मेटलची साधी बॅटरी तेवढी वेगळी मागवली. शुनसाकू तामिया २०२५ च्या जुलैत, नव्वदाव्या वर्षी वारले. पेटीवर त्यांच्या धाकट्या भावाच्या दोन चांदण्या अजून आहेत.

पेटी श्रावणात आली. त्या रात्री मी नाशिकला फोन केला. काय बोलावे सुचेना, म्हणून एकदम म्हणालो, "दादा, नाकतोडो घेतलंय."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग दादा म्हणाला, "मोटर तीच मां?"

"तीच."

"मगे पंख्याक चलतली."

मी हसलो. तोही हसला असावा. म्हणाला, "दिवाळेक दोन दिवस रवाक येतंय. पेटी फोडू नको."

पेटी कपाटावर आहे. तिच्यावर फराळाचे डबे ठेवायचे नाहीत, एवढे मी घरात बजावून ठेवले आहे.